पाण्याचा हक्क आणि कराराचा दावा

प्रस्तावना

गावच्या नदीत कारखान्याचे सांडपाणी सोडले जाऊ लागले, की गावकरी ग्रामपंचायतीकडे जातात, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करतात, प्रसंगी न्यायालयाचे दार ठोठावतात. सरकार चौकशी करते, नियम कडक करते, कधी परवाना नाकारते. ही वाट आपल्या परिचयाची आहे. परंतु तो उद्योग परदेशी कंपनीचा असेल आणि ती कंपनी त्या देशाच्या न्यायालयात न जाता, दूरच्या एखाद्या शहरात बसलेल्या तीन सदस्यांच्या लवाद मंडळापुढे उभी राहून म्हणाली, "या सरकारच्या निर्णयामुळे आमचा नफा बुडाला, त्याची भरपाई द्या", तर काय होईल? गेल्या काही दशकांत असे दावे शेकड्यांनी झाले आहेत. त्यांतील काही थेट पाणी, हवा आणि जमीन यांच्या रक्षणासाठी घेतलेल्या निर्णयांविरुद्ध होते. मध्य अमेरिकेतील एका लहानशा देशाच्या अनुभवातून आपण हा विषय समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
१. गुंतवणूक संरक्षणाचे करार का निर्माण झाले हे सांगू शकाल.
२. एल साल्वाडोर देशातील सोन्याच्या खाणीचा वाद क्रमवार लिहू शकाल.
३. दावा जिंकूनही देशाचे नुकसान कसे होऊ शकते हे उदाहरणासह स्पष्ट करू शकाल.
४. या विषयात भारताने कोणते धोरण स्वीकारले ते सांगू शकाल.
५. पाठातील पारिभाषिक शब्द व वाक्प्रचार योग्य रीतीने वापरू शकाल.

मूळ पाठ

१. करारांची गरज कशी निर्माण झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिका खंडांतील अनेक देश स्वतंत्र झाले. परकीय सत्तेच्या काळात तेथील खाणी, तेलविहिरी, रेल्वे आणि मळे परदेशी कंपन्यांच्या मालकीचे झाले होते. नव्या सरकारांपैकी काहींनी ही मालमत्ता ताब्यात घेतली. त्यामुळे भांडवल गुंतवणाऱ्यांच्या मनात धास्ती बसली. दुसरीकडे, नव्या देशांना रस्ते, वीज आणि कारखाने यांसाठी भांडवल हवेच होते. या दोन गरजांतून एक तडजोड निघाली. दोन देशांनी आपसात करार करावा आणि परस्परांच्या गुंतवणूकदारांना संरक्षणाची हमी द्यावी, असे ठरू लागले. अशा प्रकारचा पहिला करार १९५९ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. पुढे १९६६ मध्ये जागतिक बँकेच्या छत्राखाली, अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे, गुंतवणूकविषयक वाद सोडवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले.

या करारांतील तीन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, भरपाई दिल्याशिवाय गुंतवणूकदाराची मालमत्ता ताब्यात घेता येणार नाही. दुसरी, त्याला न्याय्य आणि समान वागणूक मिळाली पाहिजे. तिसरी, वाद झाल्यास गुंतवणूकदार त्या सरकारविरुद्ध थेट आंतरराष्ट्रीय लवाद मंडळाकडे दाद मागू शकेल.

पहिल्या तरतुदीचा अर्थ पुढे विस्तारत गेला. सरकारने मालमत्ता प्रत्यक्ष ताब्यात घेतली नाही, पण एखाद्या नियमामुळे ती निरुपयोगी झाली, तर तीही एक प्रकारची अप्रत्यक्ष जप्तीच होय, असा युक्तिवाद होऊ लागला. पर्यावरणाच्या नियमांविरुद्धचे बहुतेक दावे या युक्तिवादावर किंवा 'न्याय्य वागणूक मिळाली नाही' या तक्रारीवर उभे असतात. शब्द तेच राहिले, पण त्यांचा आवाका वाढला. करार करताना ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी अशा दाव्यांची कल्पना केली होती असे दिसत नाही.

पाठगत प्रश्न – १
कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. (अप्रत्यक्ष, १९५९, वॉशिंग्टन)
(अ) गुंतवणूक संरक्षणाचा पहिला करार ........ मध्ये झाला.
(आ) गुंतवणूकविषयक वाद सोडवणारे आंतरराष्ट्रीय केंद्र ........ येथे आहे.
(इ) नियमामुळे मालमत्ता निरुपयोगी होणे म्हणजे ........ जप्ती, असा युक्तिवाद केला जातो.

२. लेंपा नदीचा देश

एल साल्वाडोर हा मध्य अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१,००० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साठ लाखांहून अधिक आहे. लेंपा ही त्याची प्रमुख नदी. ग्वातेमालात उगम पावून, होन्डुरासचा काही भाग ओलांडून ती या देशात येते आणि प्रशांत महासागराला मिळते. राजधानी सान साल्वाडोरच्या पाणीपुरवठ्यासह देशातील अर्ध्याहून अधिक लोक या नदीच्या खोऱ्यावर अवलंबून आहेत. जंगल तुटलेले, नद्यानाले दूषित झालेले आणि लोकवस्ती दाट, अशा या देशात लेंपाला दुसरा पर्याय नाही.

१९९२ मध्ये दीर्घ यादवी युद्ध संपल्यावर तेथील सरकारने परकीय भांडवलाला आमंत्रण दिले. १९९९ मध्ये त्यासाठी गुंतवणूक कायदाही करण्यात आला. पुढे २००२ मध्ये पॅसिफिक रिम या कॅनडातील कंपनीकडे उत्तरेकडील काबान्यास प्रांतातील एल डोराडो हा सोन्याचा प्रकल्प आला. कंपनीने शोधकाम केले आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष खाणकामासाठी खाणपट्ट्याचा अर्ज केला. कंपनीच्या मते ही खाण आधुनिक पद्धतीची असणार होती. तिच्यामुळे रोजगार मिळेल, सरकारला महसूल मिळेल आणि पाण्याला धोका होणार नाही, असे तिचे म्हणणे होते.

गावकऱ्यांची शंका वेगळी होती. सोने काढण्यासाठी खडक दळून त्याची भुकटी करतात आणि तिच्यावर सायनाइड मिसळलेले पाणी सोडतात. सायनाइडमध्ये सोने विरघळते आणि मग ते वेगळे करता येते. सायनाइड हे जहाल विष आहे. शिवाय खोदून वर आणलेल्या खडकातील गंधकयुक्त खनिजांचा हवा व पाणी यांच्याशी संबंध आला, की आम्ल तयार होते. ते झिरपत राहिले, तर खाण बंद झाल्यावरही वर्षानुवर्षे ओढेनाले दूषित होत राहतात. ही भीती केवळ पुस्तकातील नव्हती. देशाच्या पूर्व भागातील सान सेबास्तियान येथील जुन्या सोन्याच्या खाणीजवळची नदी अशाच आम्लयुक्त पाण्याने रंग पालटलेली लोकांनी पाहिली होती.

शेतकरी, स्थानिक संस्था, अभ्यासक असे अनेक लोक एकत्र आले. २००५ मध्ये धातूंच्या खाणकामाविरुद्ध एक राष्ट्रीय मंच स्थापन झाला. २००७ मध्ये देशातील कॅथलिक बिशपांनीही खाणकामाला विरोध करणारे निवेदन काढले. कंपनीला पर्यावरणविषयक परवानगी मिळाली नाही, खाणपट्टाही मिळाला नाही. २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आंतोनियो साका यांनी आपण अशा परवानग्यांना अनुकूल नसल्याचे जाहीरपणे सांगितले. २००९ मध्ये सत्तेवर आलेले मौरिसियो फुनेस हे विरोधी पक्षाचे होते, पण त्यांनीही तेच धोरण चालू ठेवले.

या लढ्याची किंमत काहींनी प्राण देऊन चुकवली. जून २००९ मध्ये काबान्यासमधील खाणविरोधी कार्यकर्ते मार्सेलो रिवेरा बेपत्ता झाले आणि पुढे त्यांचा मृतदेह सापडला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या प्रांतातील आणखी काही कार्यकर्त्यांच्या हत्या झाल्या. या घटनांशी आपला काहीही संबंध नसल्याचे कंपनीने सांगितले.

पाठगत प्रश्न – २
एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) लेंपा नदीला पर्याय नाही असे का म्हटले आहे?
(आ) सोने काढण्यासाठी सायनाइड का वापरतात?
(इ) गावकऱ्यांची भीती 'केवळ पुस्तकातील नव्हती' असे लेखात का म्हटले आहे?

३. दाव्याची वाटचाल

एल साल्वाडोर हा अमेरिकेबरोबरच्या मध्य अमेरिकी मुक्त व्यापार कराराचा सदस्य होता. तेथे हा करार १ मार्च २००६ पासून लागू झाला. या कराराखाली गुंतवणूकदाराला सरकारविरुद्ध दावा करता येत होता. अडचण एवढीच होती, की कॅनडा या कराराचा सदस्य नव्हता. पॅसिफिक रिमची एक उपकंपनी केमन बेटांवर नोंदलेली होती. डिसेंबर २००७ मध्ये तिची नोंदणी अमेरिकेतील नेवाडा राज्यात हलवण्यात आली. आता ती कागदोपत्री अमेरिकी कंपनी झाली. ३० एप्रिल २००९ रोजी तिने वॉशिंग्टनच्या केंद्राकडे दावा दाखल केला. दाव्याची रक्कम पुढे बदलत गेली. अखेरीस ती सुमारे २५ कोटी डॉलरवर आली. एवढ्या लहान देशाच्या तिजोरीवर ही रक्कम फार मोठे ओझे ठरली असती.

असे दावे कसे चालतात हे समजून घ्यावे लागेल. लवाद मंडळावर सामान्यतः तीन सदस्य असतात. एकाची निवड कंपनी करते, दुसऱ्याची सरकार, आणि तिसरा, म्हणजे अध्यक्ष, दोन्ही पक्षांच्या संमतीने किंवा केंद्राकडून नेमला जातो. हे सदस्य कोणत्याही देशाचे कायमचे न्यायाधीश नसतात. त्यांच्यापुढे कंपनी आणि सरकार असे दोनच पक्ष असतात. नदीकाठच्या गावकऱ्याला तेथे पक्षकार म्हणून स्थान नसते. फार तर एखादी संस्था मंडळाच्या परवानगीने लेखी निवेदन देऊ शकते.

१ जून २०१२ रोजी मंडळाने पहिला महत्त्वाचा निर्णय दिला. अमेरिकेत या उपकंपनीचा खराखुरा व्यवसाय नाही, म्हणून तिला व्यापार कराराचा लाभ मिळणार नाही, असे मंडळाने ठरवले. वाद येथे संपायला हवा होता. पण तो संपला नाही. १९९९ च्या ज्या गुंतवणूक कायद्याने देशाने भांडवलाला निमंत्रण दिले होते, त्याच कायद्यात परदेशी गुंतवणूकदाराला या केंद्राकडे जाण्याची मुभा होती. त्या आधारे दावा पुढे चालू राहिला. २०१३ मध्ये ओशनागोल्ड या कंपनीने पॅसिफिक रिम विकत घेतली आणि दाव्याची सूत्रे तिच्याकडे गेली.

४. निवाडा काय म्हणाला आणि काय म्हणाला नाही

१४ ऑक्टोबर २०१६ रोजी मंडळाने कंपनीचा दावा फेटाळला. कंपनीने सरकारच्या खर्चापोटी ८० लाख डॉलर द्यावेत, असा आदेशही दिला. देशात आनंद व्यक्त झाला. परंतु या विजयाचा हिशोब बारकाईने मांडला पाहिजे. दाव्याला साडेसात वर्षे लागली. बचावासाठी सरकारला १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक खर्च करावा लागला होता. म्हणजे आदेशाप्रमाणे पैसे मिळूनही चाळीस लाख डॉलरच्या आसपास रकमेची पदरमोड झालीच. ज्या देशात शाळा, दवाखाने आणि नळयोजना यांसाठी पैसा अपुरा पडतो, तेथे ही रक्कम क्षुल्लक नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दावा कोणत्या कारणाने फेटाळला गेला? तेथील खाण कायद्यानुसार खाणपट्टा मागणाऱ्याकडे त्या जमिनीची मालकी किंवा जमीनमालकांची संमती असणे आवश्यक होते. कंपनीकडे मागितलेल्या क्षेत्राच्या फारच थोड्या भागाबाबत अशी कागदपत्रे होती. त्यामुळे तिला खाणपट्ट्याचा हक्कच उत्पन्न झाला नव्हता, असा मंडळाचा निष्कर्ष होता. लेंपा नदीच्या पाण्याचे रक्षण करण्याचा देशाला अधिकार आहे की नाही, या प्रश्नावर निवाडा झालाच नाही. काबान्यासच्या शेतकऱ्यांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर साडेसात वर्षांच्या सुनावणीतून मिळाले नाही. कंपनीकडे जमिनीची सर्व कागदपत्रे असती, तर निकाल कोणत्या बाजूला गेला असता, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

हे उत्तर अखेर लोकप्रतिनिधींनीच दिले. २९ मार्च २०१७ रोजी एल साल्वाडोरच्या विधिमंडळाने धातूंच्या खाणकामावर संपूर्ण बंदी घातली. ८४ पैकी ६९ सदस्यांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही. अशी सर्वंकष बंदी घालणारा तो जगातील पहिला देश मानला गेला. मात्र कायदा करणारे हात कायदा रद्दही करू शकतात. २३ डिसेंबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या पक्षाचे वर्चस्व असलेल्या विधिमंडळाने ही बंदी उठवली आणि सरकारच्या सहभागाने खाणकाम करण्याचा मार्ग मोकळा केला. परदेशी कंपनीच्या दाव्यातून वाचलेली नदी आता स्वदेशी निर्णयापुढे उभी राहिली.

पाठगत प्रश्न – ३
चूक की बरोबर ते सांगा.
(अ) कॅनडा हा मध्य अमेरिकी मुक्त व्यापार कराराचा सदस्य होता.
(आ) २०१२ च्या निर्णयानंतर दावा देशाच्या स्वतःच्या गुंतवणूक कायद्याच्या आधारे चालू राहिला.
(इ) देशाला पाणी रक्षणाचा अधिकार आहे, या कारणाने लवाद मंडळाने दावा फेटाळला.
(ई) २०१७ मध्ये घातलेली खाणबंदी २०२४ मध्ये उठवण्यात आली.

५. इतर देशांचे अनुभव

असे सर्व दावे एकाच दिशेने जातात, असे समजणे चुकीचे ठरेल. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील नाफ्टा या करारातून निघालेली तीन उदाहरणे पाहू.

कॅनडाने १९९७ मध्ये पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या, मँगनीज असलेल्या एका रसायनाच्या आयातीवर व आंतरप्रांतीय व्यापारावर बंदी घातली. एथिल या अमेरिकी कंपनीने सुमारे २५ कोटी डॉलरचा दावा केला. त्याच सुमारास देशांतर्गत व्यापारविषयक वादातही केंद्र सरकारविरुद्ध निर्णय गेला. निवाड्यापूर्वीच, १९९८ मध्ये, सरकारने बंदी मागे घेतली आणि कंपनीला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दिले.

मेक्सिकोतील ग्वादालकासार येथे मेटलक्लॅड या अमेरिकी कंपनीला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र उभारायचे होते. केंद्र सरकारने तिला परवानग्या दिल्या, पुढील आश्वासने दिली. केंद्र बांधून झाल्यावर, १९९५ मध्ये, स्थानिक नगरपालिकेने बांधकाम परवाना नाकारला. २००० मध्ये लवाद मंडळाने मेक्सिकोला १ कोटी ६६ लाख ८५ हजार डॉलर देण्यास सांगितले. पुढे कॅनडातील न्यायालयाने निवाड्याचा काही भाग रद्द केला, तरी भरपाईचा मोठा भाग कायम राहिला. या प्रकरणात गावकऱ्यांची काळजी खरी होती. पण एका हाताने परवाना देणाऱ्या आणि दुसऱ्या हाताने तो अडवणाऱ्या शासनव्यवस्थेचा दोषही नाकारता येत नाही.

तिसरे उदाहरण याच्या उलट आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये पेट्रोलमधील एमटीबीई हे द्रव्य भूजल दूषित करते म्हणून बंद करण्याचे ठरवले. त्यासाठी लागणारे मिथेनॉल बनवणाऱ्या मेथानेक्स या कॅनडातील कंपनीने ९७ कोटी डॉलरचा दावा केला. २००५ मध्ये तो पूर्णपणे फेटाळला गेला. सार्वजनिक हितासाठी, भेदभाव न करता आणि योग्य प्रक्रियेने केलेला नियम ही जप्ती ठरत नाही, असे मंडळाने म्हटले. कंपनीलाच सुमारे ४० लाख डॉलर खर्चापोटी द्यावे लागले.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. निकाल कोणता लागेल, हे आधी सांगता येत नाही. ज्याची तिजोरी मोठी, तो देश ही अनिश्चितता सोसू शकतो. लहान देशातील अधिकारी मात्र नियम करण्यापूर्वीच दाव्याच्या भीतीने हात आखडता घेतात. न झालेल्या नियमाची कोठेही नोंद होत नाही. म्हणूनच ही हानी मोजणे सर्वांत अवघड असते.

या टीकेचा परिणामही दिसू लागला आहे. १ जुलै २०२० पासून नाफ्टाची जागा नव्या कराराने घेतली. त्यात अमेरिका आणि कॅनडा यांनी परस्परांच्या गुंतवणूकदारांसाठी अशा दाव्यांची तरतूद ठेवली नाही.

६. भारताचा मार्ग

भारताने असा पहिला करार १९९४ मध्ये ब्रिटनशी केला आणि पुढे अनेक देशांशी केले. मात्र वॉशिंग्टनच्या केंद्राचे सदस्यत्व भारताने घेतलेले नाही. भारतावरील दावे इतर नियमांखाली नेमलेल्या मंडळांपुढे चालतात.

महाराष्ट्राला या करारांची ओळख दाभोळच्या वीजप्रकल्पाने करून दिली. रत्नागिरी जिल्ह्यातील हा प्रकल्प वीजदराच्या वादात अडकून बंद पडल्यावर, त्यात भांडवल घालणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी मॉरिशसमधील उपकंपन्यांच्या नावाने, भारत–मॉरिशस कराराखाली दावे केले. २००५ मध्ये तडजोडीने हे प्रकरण मिटले. वाद पर्यावरणाचा नव्हता. पण कंपनी एका देशाची आणि करार दुसऱ्याच देशाचा, ही वाट येथेही दिसते.

२०११ मध्ये व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या दाव्यात भारताविरुद्ध निवाडा झाला. आपल्या न्यायालयांत झालेला विलंब हे त्याचे कारण होते. त्यानंतर आणखी दावे आले आणि सरकारने संपूर्ण धोरणाचा फेरविचार केला. डिसेंबर २०१५ मध्ये कराराचा नवा नमुना स्वीकारण्यात आला. त्यानुसार गुंतवणूकदाराने आधी भारतातील न्यायव्यवस्थेकडे जावे, तेथे किमान पाच वर्षे प्रयत्न करावा आणि त्यानंतरच लवादाकडे वळावे, असे ठरले. सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण यांच्या रक्षणासाठी केलेल्या उपायांना त्यात स्पष्ट अपवाद आहे. २०१६ नंतर भारताने पन्नासहून अधिक जुने करार संपुष्टात आणण्याच्या सूचना दिल्या. हा नमुना सर्वांना मान्य होतोच असे नाही. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या आणि ३१ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या करारात पाच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आली.

७. हा प्रश्न कोणाचा?

व्यापार करारांची भाषा किचकट असते. ते दूरच्या राजधान्यांत, बंद दारांआड लिहिले जातात. त्यामुळे त्यांचा आपल्या विहिरीशी काही संबंध असेल, असे वाटत नाही. परंतु एल साल्वाडोरच्या शेतकऱ्याला तो संबंध कळायला उशीर झाला, तोवर कायद्यातील एक कलम त्याच्या नदीच्या आड येऊन उभे राहिले होते.

भांडवलाला संरक्षण नको, असा याचा अर्थ नाही. दिलेला शब्द सरकारने पाळावा, परदेशी माणसावरही अन्याय होऊ नये, ही अपेक्षा योग्यच आहे. पण त्या संरक्षणाची मर्यादा कोठे संपते आणि लोकांच्या पाण्याचा हक्क कोठे सुरू होतो, हे करारावर सही करण्यापूर्वी स्पष्ट लिहिले पाहिजे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ क ने पर्यावरणाचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर आणि अनुच्छेद ५१ क ने ती नागरिकांवरही टाकली आहे. जो नागरिक वाचू शकतो, तो विचारू शकतो. आपल्या नावाने झालेल्या करारात काय लिहिले आहे, हे विचारणे हाही पाण्याचे रक्षण करण्याचाच एक मार्ग आहे.

शब्दार्थ

लवाद – वाद मिटवण्यासाठी नेमलेली त्रयस्थ व्यक्ती
निवाडा – लवादाने दिलेला निर्णय
दावा – हक्काची किंवा भरपाईची रीतसर मागणी
खाणपट्टा – ठरावीक जमिनीतून खनिज काढण्याचा सरकारने दिलेला हक्क
उपकंपनी – मोठ्या कंपनीच्या मालकीची दुसरी कंपनी
पक्षकार – वादातील एक बाजू
यादवी – एकाच देशातील लोकांमधील युद्ध
सर्वंकष – सर्व बाजू व्यापणारा

वाक्प्रचार

दाद मागणे – न्याय मागणे
पदरमोड करणे – स्वतःजवळचे पैसे खर्च करणे
हात आखडता घेणे – कृती करण्यास कचरणे

आपण काय शिकलात?

• परदेशी भांडवलाला हमी देण्यासाठी गुंतवणूक संरक्षणाचे करार झाले. पुढे त्यांचा उपयोग पर्यावरणविषयक निर्णयांविरुद्धही होऊ लागला.
• एल साल्वाडोरने सोन्याच्या खाणीचा दावा जिंकला, पण त्यात साडेसात वर्षे आणि मोठा पैसा गेला. पाण्याच्या हक्काचा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.
• निकालाच्या अनिश्चिततेमुळे लहान देश नियम करण्यास कचरतात.
• भारताने २०१५ मध्ये नवा नमुना स्वीकारून स्थानिक न्यायव्यवस्थेला आणि पर्यावरण रक्षणाला अधिक स्थान दिले.

भाषा अभ्यास

'नदीकाठ' या शब्दाचा विग्रह 'नदीचा काठ' असा होतो. 'चा' हा षष्ठीचा प्रत्यय येथे लोप पावला आहे. म्हणून हा षष्ठी तत्पुरुष समास होय. पुढील शब्दांचा याचप्रमाणे विग्रह करा : जमीनमालक, वीजदर, बांधकाम परवाना.

पाठान्त प्रश्न

१. गुंतवणूक संरक्षणाच्या करारांतील तीन प्रमुख तरतुदी तुमच्या शब्दांत लिहा.
२. एल डोराडो खाणीच्या वादातील घटना २००२ ते २०२४ या क्रमाने मांडा.
३. 'दावा जिंकला, पण प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. मेटलक्लॅड आणि मेथानेक्स या दोन प्रकरणांतील फरक सांगा.
५. 'न झालेल्या नियमाची कोठेही नोंद होत नाही' या वाक्याचा आशय आठ ते दहा ओळींत लिहा.
६. तुमच्या परिसरातील पाण्याच्या स्रोताला कोणता धोका आहे? तो दूर करण्यासाठी कोणाकडे दाद मागता येईल? चौकशी करून संबंधित अधिकाऱ्यास पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १९५९ (आ) वॉशिंग्टन (इ) अप्रत्यक्ष
२. (अ) देशातील इतर नद्यानाले दूषित असून अर्ध्याहून अधिक लोक लेंपाच्या खोऱ्यावर अवलंबून आहेत. (आ) सायनाइडमध्ये सोने विरघळते आणि त्यामुळे ते खडकाच्या भुकटीपासून वेगळे करता येते. (इ) सान सेबास्तियान येथील जुन्या खाणीजवळची नदी दूषित झालेली लोकांनी प्रत्यक्ष पाहिली होती.
३. (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक (ई) बरोबर